पुस्तक निवड समितीचा कौल

सँड्रीना रॉड्रिक्स सुटली नाही. पुस्तकं निवडली गेली, एकमताने निवडली गेली, चांगलीच निवडली गेली, आणि ती मात्र अडकली ती अडकलीच. आता एवढं सगळं विसरून जा. ते अजून घडलेलं नाही. शुक्रवारी सकाळी साडेनऊ वाजता ते कोणाच्या स्वप्नातही नव्हतं, आणि सँड्रीना तर इतकी निर्धास्त होती की तिच्या आईने, वेरोनिकाने, तिच्या बॅगेत सुक्या बांगड्यांची पिशवी भरून त्या पिशवीवर आणखी तीन पिशव्या गुंडाळल्या तरी ती काही बोलली नव्हती. रविवारी निघायचं, सोमवारी दहाला पणजीत हजर व्हायचं. पोरीने पणजीत बांगड्यांच्या वासासकट हजर व्हावं ही आईची इच्छा, तर असो.

मालवणहून तोंडवलीकडे जाताना माडांच्या मागे एक कॉलेज आहे. तिथे नर्सिंग शिकवतात आणि लॅब टेक्निशियनही तयार करतात. सँड्रीना तिथे तीन वर्षं ग्रंथपाल होती. ग्रंथालय म्हणजे एक खोली, बारा कपाटं आणि एक दरवाजा. हा दरवाजा खाऱ्या हवेने फुगून बसायचा. आत जाताना खांदा द्यावा लागे, बाहेर येताना दुसरा. तीन वर्षांत तिचे दोन्ही खांदे सारखे झाले होते. पणजीच्या मोठ्या कॉलेजातल्या ग्रंथालयाला मात्र आपोआप उघडणारं काचेचं दार होतं. मुलाखतीला गेली तेव्हा ते दार तिच्यासाठी तीनदा उघडलं होतं. खरं तर तिने मुद्दामच तीनदा ये-जा केली होती.

नोकरी मिळाली होती. अट एकच, जुन्या कॉलेजचं कार्यमुक्तीपत्र सोबत हवं. ते नसेल तर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावणार. हा पुढचा उमेदवार वेंगुर्ल्याचा होता आणि गेला आठवडाभर रोज फोन करून सँड्रीनाच्या तब्येतीची चौकशी करत होता.

पत्र तयार होतं. टाइप झालेलं होतं, शिक्काही मारलेला होता, फक्त सही राहिली होती. ते प्राचार्य रश्मी मॅडमच्या टेबलावर एका बरणीखाली ठेवलेलं होतं. बरणीत कोणा दानशूर रुग्णाने कॉलेजला भेट दिलेला मुतखडा होता. दगड शिक्षणासाठी दिलेला, पण शिकवायला कोणी नेला नाही म्हणून तो कागद दाबायच्या कामाला लागला. सँड्रीनाला बरणीच्या कडेने आपलं अर्धं आडनाव दिसत होतं.

मॅडमनी पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं. पुस्तक निवड समितीचा विषय प्रलंबित आहे, म्हणाल्या. ॲनाटॉमी आणि पॅथॉलॉजीची पुस्तकं चौदा महिन्यांत ठरलेली नाहीत, पुढच्या आठवड्यात पाहणी समिती येतेय, आणि सँड्रीना त्या समितीची सदस्य-सचिव. प्रलंबित विषय असलेल्या समितीचा सचिव कार्यमुक्त होत नाही. हा नियम कुठे लिहिलाय, असं सँड्रीनाने अत्यंत नम्रपणे विचारलं. मॅडमनी एक कोरा कागद घेतला, तिच्या समोरच नियम लिहिला आणि त्यावर शिक्का मारला.

“आज पाचपर्यंत इतिवृत्त आणा, तिघांच्या सह्यांचं,” त्या म्हणाल्या. “लगेच सही करते. मलाही तुम्हाला अडकवून काय मिळणार?”

तिघांमधली एक सही सँड्रीनाचीच होती, म्हणजे एक तृतीयांश काम झाल्यात जमा होतं. उरलेल्या दोघांची नावं डॉ. किशोरी आणि डॉ. भाई. किशोरी मॅडम ॲनाटॉमी शिकवायच्या. भाई चाळीस वर्षं पॅथॉलॉजीची लॅब चालवून निवृत्त झालेले, वय चौऱ्याहत्तर, आता आठवड्यातून दोन दिवस पोरांना सूक्ष्मदर्शकात डोळा घालायला शिकवायचे. पंचक्रोशीत कोणाच्या रक्तात काय आहे हे त्यांना माहीत होतं, त्यामुळे त्यांच्याशी कोणी वाद घालत नसे. एकट्या किशोरी मॅडम घालत, कारण त्यांनी रक्त मुंबईत तपासून घेतलं होतं.

अकरा वाजता समितीची चौथी बैठक भरली. टेबलावर दोन संच मांडले होते. पहिला जाडा संच, परदेशी, प्रत्येक पुस्तक बाळंतपणात मूल भरतं तेवढ्या वजनाचं, आत गुळगुळीत चकचकीत कागदावर रंगीत चित्रं. दुसरा बारीक संच, प्रश्नोत्तरांचा, मागच्या दहा वर्षांचे पेपर सोडवलेले, कागद वर्तमानपत्राच्या चुलतभावासारखा. किशोरी मॅडमना जाडा हवा होता आणि भाईंना बारीक. तीन बैठकांत एवढीच प्रगती झाली होती की दोघांनी आपापलं म्हणणं पाठ केलं होतं.

पेशंट काही प्रश्नोत्तरांच्या रूपात दाखल होत नाही, असं किशोरी मॅडम म्हणाल्या. उद्या पोरगी वॉर्डात उभी राहील, समोर माणूस पोट धरून ओरडत असेल, तेव्हा ती काय त्याला सांगणार, पाच गुणांसाठी ओरड?

त्यावर भाईंनी जाडं पुस्तक दोन्ही हातांनी उचललं आणि परत ठेवलं. टेबल कुरकुरलं. ते म्हणाले, की दोडामार्गची पोर सकाळी दोन गाड्या बदलून येते, ही वीट ती खांद्यावर आणणार? आणली तरी वाचणार? घरी इंग्रजी बोलणारी एकच वस्तू असते, ती म्हणजे मोबाईल. बारीक पुस्तक निदान उघडतील तरी.

उघडण्याचा विषय निघाला तेव्हा सँड्रीनाला राहवलं नाही. सदस्य-सचिवाला मत नसतं, फक्त चहा सांगायचा अधिकार असतो, पण तिने एक प्रयोग केला होता. दोन्ही संच तिने पावसाळाभर समुद्राकडच्या खिडकीत ठेवले होते. तिने जाडं ॲनाटॉमी पुढे सरकवलं आणि यकृताचं प्रकरण उघडायला सांगितलं. किशोरी मॅडमनी नखाने प्रयत्न केला, मग पट्टीने. यकृतापासून प्लीहेपर्यंतची एकशे बारा पानं दमट हवेने एकमेकांना चिकटून एकच अवयव झाली होती. शरीरशास्त्राच्या इतिहासात हा अवयव नवीन होता.

भाई खूश झाले. मग सँड्रीनाने बारीक पुस्तकाचं पान चाळीस उघडलं. छापताना चित्र उलटं बसलं होतं, हृदय उजवीकडे होतं. भाईंनी चष्मा पुसला. असा माणूस हजारोंत एखादा असतो, म्हणाले, मी स्वतः एक पाहिलाय, कुडाळला. किशोरी मॅडमनी विचारलं, की सगळं कॉलेज त्या एका कुडाळच्या माणसाची सेवा करायला तयार करायचं आहे का?

झालं, पुन्हा सगळं पहिल्यापासून. साडेबारा वाजले. एक वाजला. सँड्रीनाने दरवाजाकडे पाहिलं. तो फुगून बसला होता.

तिच्या पिशवीत तिसरा संच होता. कोणी मागितला नव्हता. एका छोट्या प्रकाशकाने नमुना म्हणून पाठवलेला. मध्यम जाडी, खरखरीत कागद, हृदय डावीकडे, आणि शेवटी प्रत्येक इंग्रजी शब्दासमोर मराठी अर्थ. सुट्टीच्या दिवशी तिने तो आपल्या घरी वाचला होता, आणि ग्रंथपाल असूनही तिला प्लीहा काय करते ते पहिल्यांदा कळलं होतं. पावसाळ्यात खिडकीत ठेवूनही त्याची पानं सुटी राहिली होती. तिने तो दोनदा टेबलावर ठेवला. दोन्ही वेळा त्यावर कोणीतरी चहाचा कप ठेवला.

कप उचलायला शिवा आला. शिवा गुरव कॉलेजचा शिपाई, आणि घराण्याने गावच्या रवळनाथाचा पुजारी. सकाळी देवाची पूजा, दहा ते पाच शिपाईगिरी, दोन्हीकडे हजेरीवर नाव. त्याने चौदा महिने ही बैठक चहाच्या बाजूने पाहिली होती.

“इतक्या भांडतास कित्याक?” तो कप गोळा करत म्हणाला. “देवाक इचारूया. कौल लावया.”

या भागात जमीन घेताना, लग्न जमवताना, बोअर मारताना देवाला कौल लावतात. फुलाच्या ओल्या पाकळ्या देवाच्या अंगाला चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट पाहायची. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. पाठ्यपुस्तकासाठी कोणी कौल लावल्याचं ऐकिवात नव्हतं, पण नियमात मनाईही नव्हती. भाई म्हणाले, की देवाचं मत तज्ज्ञाचं मत म्हणून नोंदवता येईल. किशोरी मॅडम विज्ञानवादी होत्या. त्यांनी दीड मिनिट विचार केला आणि घड्याळाकडे पाहत विचारलं, देऊळ दुपारी उघडं असतं ना?

सँड्रीना ख्रिस्ती. पण इथे जन्मलेल्या माणसाला गाऱ्हाणं लहानपणापासून पाठ असतं. पुजारी एकेक मागणी म्हणतो आणि जमलेले सगळे एकसुरात “व्हय म्हाराजा” म्हणतात. शाळेच्या क्रिकेटच्या सामन्याआधी, नव्या होडीच्या वेळी, शेजारच्या घरभरणीला ती शेकडो वेळा म्हणाली होती. मागणी काय होती हे ऐकून म्हणणारा माणूस या किनाऱ्यावर अजून जन्माला यायचा आहे. पुजारी थांबला की आपण म्हणायचं. शिंकेनंतर नाक पुसावं तसं.

तीन वाजता एका रिक्षातून समिती देवळात पोचली. भाई पुढे, मागे किशोरी मॅडम आणि सँड्रीना, आणि त्यांच्या मांडीवर पॅथॉलॉजी. शिवाने शर्ट काढून सोवळं नेसलं आणि क्षणात तो शिपाई राहिला नाही. भाईसुद्धा त्याच्यासमोर हात जोडून उभे राहिले. कॉलेजात ते त्याला नुसत्या भुवईने बोलवत. सँड्रीना सभामंडपातच थांबली, सगळ्यांच्या मागे, हातात पिशवी धरून. दोन्ही संच पाटावर ठेवले होते. शिवाने पाकळ्या लावल्या.

“बा देवा रवळनाथा, बारा-पाचाच्या म्हाराजा,” तो म्हणाला, “आज ही तुजी लेकरां पुस्तकां घेवन तुज्या पायाकडे इली आसत, रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“ह्या जाड्या पुस्तकान पोरांचा बरां होणार आसात, तर उजवो कौल दी, रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

मग वाट पाहणं. गाऱ्हाणं घातल्यावर कौल पडेपर्यंत उंबरा ओलांडायचा नसतो. साडेतीन झाले. सँड्रीनाच्या डोळ्यांसमोर मुतखड्याची बरणी उभी राहिली, बरणीखालचं पत्र, आणि वेंगुर्ल्याचा तो माणूस इस्त्री करत असलेला. तिने आयुष्यात कुठल्या फुलाकडे एवढ्या तळमळीने पाहिलं नव्हतं. तीन पस्तीसला डावी पाकळी पडली. किशोरी मॅडमचा चेहरा पडला. बारीक संचाचं गाऱ्हाणं झालं, आणि पुन्हा डावी पडली, या वेळी दोन मिनिटांत, जणू देवानेही पान चाळीस पाहिलं होतं.

दोन्ही संच गेले. भाई खांबाला टेकून बसले. शिवा गाभाऱ्यातून वाकून म्हणाला, “आणखी खंयचा पुस्तक आसा?”

मग सँड्रीनाने पिशवीतून तिसरा संच काढला. त्याच्यावर चहाच्या कपाचा गोल डाग होता. तिने तो पुढे सरकवला. शिवाने पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं सुरू केलं, आणि ते पुरं व्हायच्या आधीच उजवी पाकळी अलगद सुटून खाली आली.

तीन वर्षांत त्या कॉलेजात तिचं म्हणणं पहिल्यांदा कोणीतरी ऐकलं होतं. किशोरी मॅडमनी पुस्तक उघडून प्लीहेचं पान काढलं, ते सहज निघालं, आणि त्या वाचतच राहिल्या. भाईंनी शेवटची मराठी शब्दांची यादी पाहिली आणि म्हणाले, “गो, ह्यां तू आधी कित्याक नाय दाखवलंस?” दोनदा दाखवलं होतं, हे सँड्रीनाने सांगितलं नाही. चार वाजायला दहा मिनिटं होती. पत्र तिच्या हातात जवळजवळ आलंच होतं.

कौल झाल्यावर देवाला आभाराचं गाऱ्हाणं घालतात. शिवाचा त्या दिवशी आवाज चांगला लागला होता.

“बा म्हाराजा, तू पुस्तक पसंत केलंस, तसां पोरांच्या डोक्यात पण घाल, रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“आणि ज्या चेडवान ह्यां पुस्तक शोधून हाडल्यान, तिच्याच हातान तां पोरांक वाचूक दी. सगळी पोरां पॅथॉलॉजीत पास होयसर तिका हंयसून हलवू नको, रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले. सर्वांत मोठा आवाज सँड्रीनाचा होता. सभामंडपातलं एक कबुतर उडालं.

आपण कशाला होकार दिला हे रिक्षात बसूनही तिच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते इतिवृत्त लिहून झाल्यावर. मुद्दा एक, बैठक भरली. मुद्दा दोन, चर्चा झाली. मुद्दा तीन, तज्ज्ञाच्या मतानुसार तिसरा संच एकमताने निवडला. तिने खाली रेघ मारून वही फिरवली. किशोरी मॅडमनी पेन काढलं आणि थांबल्या. चौथा मुद्दा राहिला, म्हणाल्या. त्या शिस्तीच्या होत्या, त्यांच्या हाताखाली एकाही हाडाचं नाव गळायचं नाही.

“कुठला चौथा?”

“तुम्ही सगळी मुलं पास होईपर्यंत इथेच राहायला होकार दिलात तो. मी शेजारीच होते. माझ्या कानात अजून घुमतोय.”

सँड्रीना हसली. कोणीच हसलं नाही. तिने भाईंकडे पाहिलं. भाईंनी चष्मा काढून हातात घेतला होता, म्हणजे ते आता डॉक्टर नव्हते, गावकरी होते.

“बाय, माका पण वायट वाटता,” ते म्हणाले. “पण कौल अर्धो घेवक येना नाय. पुस्तक देवान दिल्यान, तां त्या बोलीवर दिल्यान. बोली वगळून मी सही केलंय तर उद्या माज्या हातचो एकतरी रिपोर्ट बरोबर येयत काय?”

तिने हिशोब मांडला. चौथा मुद्दा लिहिला नाही तर भाईंची सही नाही, सही नाही तर इतिवृत्त नाही, इतिवृत्त नाही तर पत्र नाही. चौथा मुद्दा लिहिला तर इतिवृत्त आहे, सह्या आहेत, आणि त्याच कागदावर सचिव जाणार नाहीत असं सचिवांच्याच अक्षरात लिहिलेलं आहे. जाडा किंवा बारीक संच लिहून मोकळं होता आलं असतं. पण त्यावर तर आता कोणीच सही केली नसती, देवाने दोन्ही नाकारले होते.

सगळी पोरं पास. कॉलेजला अकरा वर्षं झाली होती. अकराही वर्षं पॅथॉलॉजीत किमान तिघं नापास होत आली होती. गावच्या जत्रेची तारीख चुकेल, ही तिघं चुकायची नाहीत.

पाचला सात मिनिटं होती. खिडकीतून तिला व्हरांड्यात पहिल्या वर्षाच्या चार मुली दिसत होत्या. तिसऱ्या संचातलं पॅथॉलॉजी त्यांनी शिवाकडून मागून घेतलं होतं आणि त्या शेवटच्या यादीतून एकमेकींना शब्द विचारत होत्या. एकीने प्लीहा बरोबर सांगितलं. तिलाच त्याचं आश्चर्य वाटलं. तिने पुन्हा विचारायला लावलं आणि पुन्हा बरोबर सांगितलं.

हे इतिवृत्त फाडलं तर हे पुस्तक परत प्रकाशकाकडे जाणार, आणि पुढचे चौदा महिने पुन्हा यकृत प्लीहेला चिकटणार. सँड्रीनाने चौथा मुद्दा लिहिला. “सदस्य-सचिवांनी सर्व विद्यार्थी पॅथॉलॉजी विषयात उत्तीर्ण होईपर्यंत सेवेत राहण्यास मोठ्या आवाजात संमती दर्शवली.” सही केली. तिची सही पहिली झाली.

प्राचार्य मॅडमनी इतिवृत्त वाचलं, बरणी उचलली, पत्र काढलं. सँड्रीनाला आपलं आडनाव पहिल्यांदाच पूर्ण दिसलं. मॅडमनी ते चौथ्या मुद्द्याशी ताडून पाहिलं, पुन्हा टेबलावर ठेवलं आणि त्यावर बरणी ठेवली, या वेळी जरा मध्यभागी.

“समितीनेच ठरवलंय,” त्या म्हणाल्या. “मी कशी सोडू? आता ज्यांना शब्द दिलात त्यांच्याकडून सुटका आणा.”

सोमवारी वेंगुर्ल्याच्या उमेदवाराचा फोन आला नाही. त्याला आता वेळ नव्हता. सँड्रीनाने ग्रंथालयाच्या दरवाजाला उजवा खांदा दिला, आत आली, आणि शिवाला विचारलं, की “व्हय म्हाराजा” परत घेता येतो का.

शिवाने बराच विचार केला. “दिलेलो शब्द परत घेवची रीत नाय,” तो म्हणाला. “तसो कागद पण खंय नाय.”

कागद करता येतो, ती म्हणाली. टेबलावर बसून तिने तो केला. शिवाने तो देवापुढे ठेवला, नियमाप्रमाणे पाकळ्या लावल्या, आणि त्या अजून लागलेल्याच आहेत. अर्ज असा:

प्रति,
मा. ग्रामदेव श्री रवळनाथ महाराज यांच्या सेवेशी.

विषय: अनवधानाने उच्चारलेला “व्हय म्हाराजा” रद्द होणेबाबत.

महोदय,
वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, अर्जदार सँड्रीना रॉड्रिक्स, ग्रंथपाल, यांनी गत शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास आपल्या सभामंडपात दिलेला होकार हा मागणी न ऐकता, केवळ पुजाऱ्याने श्वास घेतल्यामुळे दिलेला आहे. तरी तो सवयीचा भाग समजून आपल्या दप्तरातून कमी करण्यात यावा व तसे लेखी, सही-शिक्क्यानिशी, कार्यालयीन वेळेत कळवण्यात यावे. पुस्तकाबाबत दिलेला कौल कायम ठेवण्यात यावा. दोन्ही एकत्र शक्य नसल्यास, यंदाच्या पॅथॉलॉजीच्या परीक्षेत एकही विद्यार्थी नापास होऊ नये याबाबत संबंधितांना, विशेषतः शेवटच्या बाकावरील तिघांना, आपल्या स्तरावरून योग्य ते आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.